केबलमधून आवाज जात नाही

पहिली गाठ इथेच सोडव: मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा, आणि तिच्या केबलमधून जातात त्या फक्त सूचना. अमुक चॅनल, अमुक स्वर, इतक्या जोरात दाबला, आता सोडला. आवाज तयार करतं ते मॉड्यूल, म्हणजे केबलच्या दुसऱ्या टोकाची, सूचना ऐकून वाजणारी पेटी. त्यातला प्रत्येक पार्ट म्हणजे एक वादक, आपल्याच चॅनलचं ऐकणारा. चॅनल एकूण १६; जनरल मिडी या ठरलेल्या मानकात १० नंबरचा तालवाद्यांचा. तिथे पियानोची सुरावट पाठवलीस तर ड्रम आणि झांजांचा खडखडाट होईल. (मी तासभर मॉड्यूलला शिव्या घातल्या होत्या.)

स्वर मधेच तुटायला लागले तर पॉलिफनी बघ, म्हणजे मॉड्यूल एका वेळी किती स्वर वाजवू शकतं तो साठा. सगळे पार्ट त्या एकाच साठ्यातून खातात. दोन थरांचा टोन (एका स्वराला दोन आवाज एकत्र) दुप्पट खातो, आणि कळ सोडल्यावरही स्वर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून ठेवलंस की साठा संपलाच. आधी पॅडचे (मागे लांब भरून राहणाऱ्या आवाजाचे) स्वर कमी कर, बेसला हात लावू नकोस.