हातावरचं गोंदण निवडताना

प्रिय मुली,

तू पाठवलेले अकरा फोटो मी दोनदा नीट पाहिले. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणशील आणि मनात ठरवलेलंच करशील, म्हणून लिहायला बसले.

त्या अकरांपैकी नऊ फोटो टॅटू झाल्याझाल्या काढलेले आहेत. आजूबाजूची कातडी लालसर आहे, रेषा केसासारखी बारीक, शाई काळीकुळकुळीत. हातावरच्या टॅटूचा सगळ्यांत देखणा दिवस तोच असतो. तुला तो हात घेऊन पुढची पन्नास वर्षं भाकऱ्या थापायच्या आहेत, गाडी चालवायची आहे, उन्हात फिरायचं आहे. म्हणून नक्षी बघताना ‘आज कशी दिसते’ हे बघू नकोस. दहा वर्षांनी तिचं काय उरेल, ते बघ.

माझ्या आजीच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तुळस होती. खाली वृंदावनाच्या तीन आडव्या रेघा, मधोमध उभा दांडा, दोन्ही बाजूंना ठिपके. लग्नाआधी जत्रेत गोंदणारणीकडून काढून घेतलेली. आजी ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा त्या हातावर सुरकुत्यांचं जाळं होतं, काळ्याचा हिरवट निळा झाला होता, आणि एकेक ठिपका फुगून ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता. तरी चार वर्षांचं पोरसुद्धा बोट ठेवून ‘तुळस’ म्हणायचं. मी या धंद्यात आले तेव्हा मला वाटायचं की आपल्याकडे यंत्र आहे, कार्ट्रिज आहे, आपलं काम त्या बाईच्या कामापेक्षा वरचढच असणार. माझ्या हातची पहिली कामं सात-आठ वर्षांची होऊन परत समोर आली तेव्हा कळलं की त्या बाईला ठिपक्याशेजारी किती जागा मोकळी सोडायची हे ठाऊक होतं, आणि मला नव्हतं.

असं का होतं ते समजून घे, मग निवड सोपी जाईल. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो. त्यात शाई घातली तर ती त्याच्याबरोबरच जाईल. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरापर्यंत, जेमतेम एक-दोन मिलिमीटर, न्यावी लागते. तिथे आपल्या शरीरातल्या पेशी त्या शाईचे कण गिळून बसतात. पेशी मरते, कण सुटतात, शेजारची नवी पेशी ते गिळते. मार्सेलच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे तुझं गोंदण आतल्या आत जन्मभर हातोहात फिरत असतं, आणि या फिरण्यात रेषा दरवर्षी थोडीथोडी रुंदावत जाते. दोन रेषांमधली जागा आधीच कमी असेल तर एक दिवस त्या एकमेकींना भेटतात आणि नक्षीचा डाग होतो.

आता हाताकडे बघ. तोच हात, पण कातडी जागोजागी वेगळी. तळहाताची आणि बोटांच्या कडांची कातडी जाड, सतत घासली जाणारी. तिथे शाई धरत नाही. धरावी म्हणून सुई जरा खोल गेली की रेषा आत फुटते आणि कडेला निळी सावली पसरते. हाताच्या पाठीवरची कातडी पातळ, खाली लगेच शिरा आणि हाडं, वर बारा महिने ऊन. मनगटाच्या आतली बाजू आणि तिथून कोपरापर्यंतचा भाग सगळ्यांत सुखाचा: ऊन कमी, घासणं कमी, कातडी एकसारखी. पण मनगटाला जिथे घडी पडते, त्या वळीवर काही काढू नये. तिथे रेषा तुटतेच.

बोटाच्या कडेवर ‘अनंत’चं चिन्ह हवं, असं तू तिसऱ्या फोटोखाली लिहिलं आहेस. मी ते एका मुलीच्या हातावर काढलं होतं. मी तेव्हा ज्यांच्याकडे शिकत होते तिथे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नव्हती, आणि मला तेवढा धीरही नव्हता. वर्षाच्या आत ती परत आली. त्या आडव्या पडलेल्या इंग्रजी आठाचा अर्धा भाग पुसला होता, आणि मधल्या फुलीच्या जागी मुगाएवढा निळा ठिपका उरला होता. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, “ताई, तुम्ही सांगितलं असतंत तर.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. बोटावर काही हवंच असेल तर कडेला नको. वरच्या बाजूला, पेराच्या मधे, एखादा सुटा ठिपका किंवा छोटी आडवी रेघ घे. तीही दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरावी लागेल, हे धरून चाल.

अक्षरांचं सांगते. ‘आई’ हा शब्द मी जितक्या वेळा काढला आहे तितकं दुसरं काहीच काढलेलं नाही. छोटासा, नाजूक, मनगटावर हवा असतो. ‘ई’ जवळून बघ: वर रफार, खाली दोन वळणं, शेवटी शेपूट. अक्षर करंगळीच्या नखापेक्षा लहान घेतलं तर काही वर्षांत रफार शिरोरेषेला चिकटतो आणि वळणांची पोटं बुजतात. आपली लिपी रोमन अक्षरांपेक्षा दाट आहे. तिला जागा द्यावी लागते. निदान सव्वा-दीड सेंटिमीटर उंची घे, रेषा एकाच जाडीची ठेव, आणि शिरोरेषा अक्षरापासून किंचित सुटी ठेवता आली तर तशी ठेव. शुद्धलेखन स्वतः तपास, मग घरातल्या एका मोठ्या माणसाला दाखव. ‘आर्शीवाद’ गोंदवलेले हात मी पाहिले आहेत. मोडीतलं नाव हवं असेल तर मोडी वाचणाऱ्या माणसाकडूनच लिहून आण. इंटरनेटवरून उतरवलेलं बरोबर आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि बहुतेक टॅटूवाले सांगू शकत नाहीत.

तुझे फोटो बघताना सारखं वाटत होतं की मुली इतक्या लांब का जातात. बाणाची टोकं, पिसं, भूमितीतली हरणं. आपल्याकडे हातासाठीच जन्मलेल्या आकृत्या घरात पडून आहेत. चैत्रांगण आठव. चैत्रगौर झोपाळ्यावर बसली की अंगणात जे काढतात ते: गोपद्म, शंख, चक्र, कमळ, कासव, चंद्र, सूर्य. प्रत्येक आकृती चिमटीतून सुटणाऱ्या रांगोळीने काढायची, म्हणून मुळातच सुटसुटीत. एकटं गोपद्म अंगठ्याच्या मुळाशी किती छान बसतं! ठिपक्यांच्या रांगोळीतली एखादी तीन-बाय-तीनची जाळी हाताच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या रेषेत, उत्तम टिकते. मनगटाभोवती काही हवं असेल तर पाटलीचा घेर घे: दोन रेघा, मधे ठिपके. पण घेर पूर्ण जोडू नकोस. मनगट वळलं की जोड तिरका दिसतो, म्हणून आतल्या बाजूला बोटभर जागा सोडायची. पैठणीच्या पदरावरची आसावली, म्हणजे फुलांची वेल, कोपराकडून मनगटाकडे उतरती घेतली तर हाताची लांबी खुलते, फक्त फुलं तीनच आणि मोठी.

वारली काढायचीच असेल तर तारपा नाचाचा पूर्ण फेरा दोन इंचांत कोंबू नकोस. त्या माणसांची अंगं म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, आणि ते टोकच पहिल्यांदा बुजतं. दोन-तीन माणसं पुरे. आणि एक विनंती: देवचौक घेऊ नकोस. तो लग्नघरात सवाशिणी काढतात, त्यात देवी बसते. त्या घरातला माणूस स्वतः मागेल तर गोष्ट वेगळी. आपण सजावट म्हणून उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

मेंदीसारखी भरगच्च नक्षी मात्र हातभर कायमची नको. मेंदीची गंमत ती उतरते यातच आहे. लग्नाच्या आठवड्यात जे हात डोळ्यांत भरतात, ते रोज तसेच दिसले तर तूच कंटाळशील. नक्षी अंगावर कशी बसते ते बघायला पंधरा दिवस साध्या मेंदीने किंवा पेनाने काढून बघ. जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर मिळणारी ‘काळी मेंदी’ हाताला लावू नकोस. तिच्यात बहुधा केस काळे करायच्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने फोड येऊन नक्षीच्याच आकाराचे डाग राहिलेले हात मी पाहिले आहेत.

रंगाबद्दल थोडक्यात. शाई कातडीच्या रंगद्रव्याखाली बसते, म्हणजे आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीतून आपण ती बघतो. पांढरा, पिवळा, फिका गुलाबी हे रंग काही महिन्यांत मातकट होतात. लाल रंगाची अॅलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते. हातावर काळाच घे. पुढे लेझरने काढायची वेळ आली तरी काळा त्यातल्या त्यात लवकर जातो, तरीही त्याला अनेक बैठका लागतात आणि प्रत्येक बैठकीनंतर दीड-दोन महिने थांबावं लागतं.

हात झाकता येत नाही, हे विसरू नकोस. जपानच्या दक्षिणेला ओकिनावात बायका हाताच्या पाठीवर आणि बोटांवर ‘हाजिची’ गोंदवायच्या. ती तिथल्या बाईची शान होती. १८९९ साली जपान सरकारने त्यावर बंदी आणली, आणि ज्या हातांचा अभिमान होता ते बायका लोकांपुढे लपवू लागल्या. आता तिथल्या काही तरुण मुली ती नक्षी पुन्हा घेत आहेत. मला त्या बायकांचं फार वाईट वाटतं, कारण पाठीवरचं किंवा दंडावरचं गोंदण असतं तर पदराखाली राहिलं असतं. हातावरचं कुठे ठेवणार?

तुझ्या बाबतीत हा प्रश्न अगदी रोकडा आहे. तू भरतीची तयारी करते आहेस. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या वैद्यकीय नियमांत गोंदण डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर चालतं. डाव्या यासाठी की सलाम उजव्या हाताने करतात. शिवाय ते त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान हवं. धार्मिक चिन्ह, नाव चालतं. प्रत्येक दलाचं थोडं वेगळं असतं, म्हणून तू जिथे अर्ज भरणार आहेस त्या जाहिरातीतलं टॅटूचं कलम आधी स्वतः वाच. मैत्रिणीला चाललं म्हणून तुला चालेल असं नाही. आणि गोंदवल्यावर रक्तपेढी वर्षभर तुझं रक्त घेणार नाही, तू नेमाने रक्तदान करतेस म्हणून सांगते.

कुठेही जा, माझ्याकडेच ये असं नाही, पण तीन गोष्टी डोळ्यांनी बघ. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे. शाई बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतली पाहिजे, आणि उरलेली टोपणासकट फेकली पाहिजे. हातमोजे घातलेल्या हाताने फोन उचलला तर मोजे बदलले पाहिजेत. यात ओशाळण्यासारखं काही नाही. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळं एका वापरलेल्या सुईतून येऊ शकतं. आपल्या आज्यांच्या वेळी एकीच्या हातावरची सुई दुसरीच्या हातावर जायची. त्यांची नक्षी घ्यावी, ती रीत घेऊ नये.

नंतरचे पंधरा दिवस बायकांना सगळ्यांत जड जातात. पाय असता तर पांघरूण घालून ठेवला असता. हात कामातच असतो. भांड्यांचा साबण, कणीक, मिरची, कपड्यांचा सोडा, सगळं त्या ओल्या जखमेवर येतं. आईला आधीच सांगून ठेव की दोन आठवडे धुणंभांडी तुझ्याकडे नाहीत. खपली काढायची नाही, खाजली तरी. दिवसातून दोनदा साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ. हळद, तूप, खोबरेल काही लावू नकोस, आजीने कितीही सांगितलं तरी.

आता तुझ्या अकरा फोटोंबद्दल. मी त्यांतला एकही निवडला नाही. शेवटच्या फोटोत कोपऱ्यात तुझ्या आजीचा हात आला आहे, चहाची बशी धरलेला. तू तो कापायला विसरलीस बहुतेक. त्यावर काहीतरी गोंदलेलं दिसतं आहे: ठिपक्यांची एक ओळ आणि वर काटकोनात वळलेली शेपटी, मला तरी तो विंचू वाटतो. आजीला विचार काय आहे, कुठे काढलं, कुणी काढलं. नीट उजेडात, हात सपाट ठेवून, वरून एक फोटो काढ. शेजारी रुपयाचं नाणं ठेव म्हणजे मला माप कळेल. तसाच, थोडा लहान करून, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कसा बसतो ते मी कागदावर काढून ठेवते. तुला नाही आवडला तर कागद फाडून टाकू.

मंगळवारी माझं दुकान बंद असतं. बुधवारी सकाळी ये, आणि जेवून ये; उपाशीपोटी सुईखाली बसलं की घेरी येते. आजींना आणता आलं तर आण.

तुझी,
ताई