मटण सोडलंय, पण कोल्हापुरात नुसता तांबडा-पांढरा रस्सा चालेल का?

नाही, प्राण्यांसाठी मटण सोडलं असेल तर फोडी बाजूला काढून नुसता रस्सा पिणं हे मटण खाण्यातच जमा. आमच्या घरी दर रविवारी रस्सा होतो, म्हणून खात्रीनं सांगतो: दोन्ही रश्श्यांचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असतो. पांढऱ्यात त्या अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि खडा मसाला पडतो. तांबड्यात भाजलेला कांदा, खोबरं आणि कांदा-लसूण चटणी. चव हवी असेल तर हेच वाटण भाज्यांच्या पाण्यात करा. पांढरा थोडा फिका लागतो, तांबड्यात फारसा फरक कळत नाही. बाहेर अख्खा मसूर किंवा मिसळ घ्या. मिसळीचा कट सहसा शाकाहारीच असतो, पण जिथं मटण-थाळीही मिळते तिथं ‘रश्श्यात अळणी घातलीय का?’ असं स्पष्ट विचारा. नुसतं ‘व्हेज आहे का’ विचारलं की फोडी नाहीत एवढ्यावर ‘हो’ येऊ शकतं.

एक मात्र लक्षात ठेवा: बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही. दूध-दही चालू असेल तर थोडंफार मिळतं. तेही सोडणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा.