पाणी ३९ फुटांवर येण्याआधी निरोप ठरवा

राधानगरी धरणाचे दरवाजे कधी उघडणार याची चर्चा कोल्हापुरात सुरू झाली, की पुरात फोन आणि निरोप कसे चालतील याचे प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. टेलिफोनच्या कामात माझी तीस वर्षे गेली आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना त्याहून जुना आहे, त्यामुळे लोक हक्काने विचारतात. पण दरवर्षी गोंधळ तोच असतो. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देतो आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीतला टॉवर चार मजली इमारतीच्या गच्चीवर आहे. पाणी तिथवर जात नाही, मग पुरात रेंज का जाते? (शाहूपुरी)

टॉवर वर असला तरी त्याची वीज आणि केबल खालूनच येते. उपकेंद्रात किंवा रोहित्राभोवती पाणी आले की वीज बंद करावीच लागते. मग टॉवर बॅटरीवर जातो. ती काही तासांत उतरते, आणि पुढचे काम जनरेटरवर येते. जनरेटरला डिझेल लागते, आणि डिझेलची गाडी त्याच पाण्यातून यायची असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता आणि शहरात पंपांवर इंधन मिळेना, हे तुम्ही पाहिले आहे. कधी टॉवरला वीज असते, पण रस्त्याकडेची फायबर तुटलेली असते. तेव्हा रेंज पूर्ण दिसते आणि फोन काही लागत नाही.

वीज आणि फायबर शाबूत असली तरी गर्दी होते. सगळे गाव एकाच वेळी फोन लावते आणि कुणाचाच लागत नाही. अशा वेळी कॉलच्या मागे न लागता साधा एसएमएस पाठवा. त्याला जागा फार थोडी लागते आणि समोरचा फोन बंद असला तरी तो काही काळ वाट पाहत थांबतो. फोनमधली नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत एका कंपनीच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचे टॉवर वापरू दिले होते. तशी सोय इथे झाली, तर हाताने निवडून ठेवलेल्या नेटवर्कमुळे तुमचाच फोन मागे राहायला नको.

प्रश्न : रेंज नसताना ११२ लागतो का? (कदमवाडी)

तुमच्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कुठल्याही कंपनीची असली तर लागू शकतो. कुठलीच नसेल तर नाही.

प्रश्न : २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजून चाचणीचा इशारा आला होता. तसा इशारा टॉवर बंद असताना येईल का? (उचगाव)

नाही. तो टॉवरच पाठवतो. गर्दीमुळे मात्र तो अडत नाही, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये ते इशारे बंद केले असतील तर आजच सुरू करा.

प्रश्न : ऑनलाइन दोन वॉकीटॉकींची जोडी मिळते आहे, 'रेंज दहा किलोमीटर, परवान्याची गरज नाही' असे लिहिले आहे. एक दुकानात आणि एक शिरोळला भावाकडे ठेवावा म्हणतो. (राजारामपुरी)

घेऊ नका. निदान ती जाहिरात वाचून तरी घेऊ नका. दहा किलोमीटर हा आकडा मोकळ्या माळावरचा किंवा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरचा असतो. राजारामपुरीतल्या सिमेंटच्या घरांतून असला छोटा सेट एखाद्या किलोमीटरपलीकडे नीट बोलला तरी खूप झाले. शिरोळ त्याच्या आवाक्यात नाही.

'परवान्याची गरज नाही' हेही अर्धेच खरे आहे. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट विनापरवाना चालतात, तेही प्रकार-मान्यता, म्हणजे त्या नमुन्याच्या सेटला सरकारी मंजुरी, असलेलेच. बाजारात येणारे कित्येक सेट कुठल्याही लहरीवर लावता येतात, आणि विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये याच कारणासाठी ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. पोलिसांच्या किंवा बचाव पथकाच्या लहरीवर तुमचा सेट चुकून बोलू लागला, तर त्या क्षणी कुणाचा तरी मदतीचा निरोप तुटतो. एकाच गल्लीतल्या किंवा एकाच शेतवस्तीवरच्या घरांसाठी मान्यताप्राप्त सेट जरूर घ्या, पण आधी मान्यतेचा कागद मागा आणि जाणकार परवानाधारकाला दाखवा. कागद नाही म्हणाला, तर दुकानाबाहेर पडा.

प्रश्न : 'हे अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालते, पुरात जीव वाचवेल, सर्वांना पाठवा' असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतो आहे. खरे का? (कसबा बावडा)

असे मेसेज पुढे ढकलणे थांबवा, ही कळकळीची विनंती आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत इर्मा चक्रीवादळाच्या वेळी झेलो या अ‍ॅपबद्दल हीच अफवा पसरली. लाखोंनी ते घेतले आणि शेवटी कंपनीलाच सांगावे लागले, की आमच्या अ‍ॅपला इंटरनेट लागते. ब्लूटूथवर फोन-टू-फोन निरोप देणारी अ‍ॅप आहेत, पण त्यांची पोच काही दहा मीटरांची. मधे तेच अ‍ॅप सुरू असलेले फोन साखळीसारखे असतील तरच निरोप पुढे सरकतो. निवारा केंद्राच्या एका इमारतीत उपयोग होईल. बावड्यातून रंकाळ्यापर्यंत होणार नाही. मेसेज आला की फोन विमान मोडवर टाका, फक्त ब्लूटूथ सुरू करा आणि शेजारच्या घरात निरोप जातो का ते पाहा. पाच मिनिटांत खरे-खोटे कळते.

प्रश्न : मेहुणे दुबईहून सॅटेलाइट फोन आणतो म्हणतात. आणू द्यावा का? (ताराबाई पार्क)

अजिबात नको. आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावर त्यासाठी माणसांना अटक झालेली आहे. खरी गरज असेल तर दूरसंचार विभागाकडे रीतसर विचारणा करा.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरी ओलांडलेले, चिखलीत राहतो. मुलगा पुण्याला, मुलगी इचलकरंजीला. मागच्या पुरात दोन दिवस आमचा फोन लागला नाही आणि मुलगा वेडापिसा झाला. यंदा मोठी पॉवर बँक घेतली आहे. आणखी काय घ्यावे?

काका, घेण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. ठरवण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते मी सविस्तर सांगणार आहे.

फोन चालू आहे तोवर आपले बरे चालले आहे, ही समजूत मला सगळ्यात जास्त घाबरवते. नदीकाठच्या गावांत मी हेच ऐकत आलो: 'पाणी अजून गल्लीच्या तोंडाशी आहे, वाढलेच तर फोन करून बोट बोलावू.' पण ज्या पाण्यासाठी बोट लागते, तेच पाणी फोन घालवते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले. ३९ आणि ४३च्या मधल्या वेळात बहुतेकदा फोनही चालतो आणि घराबाहेर पडायला रस्ताही असतो. तुमचा निरोप त्याच वेळात जायला हवा, आणि तुम्हीही. ८ ऑगस्ट २०१९ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली. तीत होती ती गावाला पाण्याचा वेढा पडल्यावर बाहेर पडू पाहणारी माणसे होती. ते आठवले की मला आजही अन्न गोड लागत नाही.

आता ठरवायचे ते. मुलगी इचलकरंजीला म्हणजे त्याच पंचगंगेवर. तुमचा फोन जाईल तेव्हा तिचाही जाईल. म्हणून निरोपाचे ठाणे पुण्याचा मुलगा. तुम्ही त्याला कळवायचे, मुलीने त्याला कळवायचे, पाहुण्यांनी त्यालाच विचारायचे. तुम्हाला पन्नास जणांनी फोन करून बॅटरी संपवायची नाही, हे त्याने सगळ्यांना बजावून ठेवावे.

त्याचा नंबर तुम्हाला पाठ आहे का? काकूंना? बहुतेकांना नसतो. पाच नंबर ठळक अक्षरांत कागदावर लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, एक तुमच्या खिशात आणि एक काकूंच्या पर्समध्ये.

वेळा ठरवा, समजा सकाळी ८ आणि संध्याकाळी ६. एरवी फोन विमान मोडवर. रेंज शोधत राहणारा फोन न बोलताही बॅटरी खातो. ठरल्या वेळी सुरू करायचा, एसएमएस पाठवायचा, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा बंद. एसएमएस छोटा ठेवा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हेच मावतात आणि काना-मात्राही त्यांत मोजल्या जातात. 'दोघे सुखरूप. शाळेत आहोत. औषध चार दिवसांचे आहे' एवढे पुरते.

कुठे जाणार तेही आत्ताच सांगून ठेवा: पहिली जागा, आणि ती भरली तर दुसरी. घर सोडताना पोलीस पाटलांच्या किंवा ग्रामपंचायतीच्या यादीत नाव लिहून घ्या. फोन बंद असतानाही ती यादी मुलापर्यंत पोचू शकते.

आणि मुलासाठी : लागोपाठ दोन वेळा निरोप चुकला तर गाडी काढून निघायचे नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवायचे. १०७७ हा क्रमांक पुण्यातून लावला तर पुण्याच्याच कक्षात लागण्याची शक्यता असते, म्हणून कोल्हापूरच्या कक्षाचा पूर्ण क्रमांक जिल्हाधिकारी कार्यालयातून आत्ताच घेऊन ठेवा. हे सगळे या रविवारी बसून ठरवा. पंचगंगा पात्राबाहेर पडल्यावर नको.

प्रश्न : आईला घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे. रेंज गेली तरी वायफायवरून डॉक्टरांना फोन लागेल ना? (नागाळा पार्क)

वायफाय कॉलिंगला राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालू लागतात, आणि दोन्हींना वीज लागते. छोटा यूपीएस काही तास काढेल. पण वीज गेली तर ऑक्सिजनचे यंत्रही थांबते, त्यामुळे आईंच्या बाबतीत फोन हा दुसरा प्रश्न आहे. त्यांना कधी आणि कुठे हलवायचे, हे डॉक्टरांना आजच विचारा.

प्रश्न : मी नववीत आहे. मला हॅम रेडिओ शिकता येईल का? (पन्हाळा)

येईल, आणि मला फार आनंद झाला. वयाची अट १२ वर्षे पूर्ण एवढीच आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, त्यात विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. मर्यादित श्रेणीच्या परवान्याला मोर्सची संकेतलिपी लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या हॅम चमूसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. तिथून त्यांनी अंदमानातल्या माणसांचे निरोप बाहेर पोचवले. तू पन्हाळ्याची, म्हणजे जागाही उत्तम. हॅमवर जवळपास बोलायच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंचावरच्या अँटेनाला खालचा मोठा मुलूख दिसतो. परवाना मिळेपर्यंत फक्त ऐकायचे, बोलायचे नाही. घरच्यांना घेऊन एखाद्या परवानाधारकाला भेट. अर्जाचे नियम बदलत असतात, ते त्यांच्याकडून समजून घे.

प्रश्न : मोबाइलमधला एफएम रेडिओ इंटरनेटशिवाय चालतो का? (कुरुंदवाड)

फोनमध्ये एफएमची सोय असेल तर चालतो, पण वायरचा हेडफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. अ‍ॅपवरचा रेडिओ निराळा, त्याला इंटरनेट लागते. त्यापेक्षा सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या, कोल्हापूर आकाशवाणी स्पष्ट लागते का ते दुकानातच लावून पाहा, आणि घरी काट्याच्या त्या जागी खूण करून ठेवा. सेल मात्र आत घालून ठेवू नका, वर्षभर पडून राहिले की गळतात आणि ऐन वेळी रेडिओ बंद. वेगळ्या पिशवीत, रेडिओला बांधून ठेवा.