देवाची वाणी ऐकू येत नसेल, तर त्याच्या काळजीवर विसंबायचे कसे?

जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिले आहे की आईचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे, पुण्यातल्या नोकरीचे पत्र हाती आले आहे, रोज रात्री गुडघे टेकून विचारूनही देवाकडून होय किंवा नाही काहीच कळत नाही, आणि अशातच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ‘तू जाऊ नयेस असे देवाने मला दाखवले आहे’ असे सांगितल्यामुळे तुमचा गोंधळ आणखी वाढला आहे. देव माझ्याशी बोलतच नसेल, तर तो माझी काळजी घेतो हे कशावरून मानायचे, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. मी परिचारिका आहे, नगर जिल्ह्यातल्या एका प्रोटेस्टंट मंडळीत लहानाची मोठी झाले आहे, आणि आजाऱ्यांच्या उशाशी बसलेल्या कितीतरी लोकांच्या तोंडून हाच प्रश्न ऐकत आले आहे. म्हणून उत्तर लिहिण्याचे धाडस करते.

काही ऐकू न येणे हा तुमच्या विश्वासाचा दोष आहे असे कोणी म्हटले, तर ते मनाला लावून घेऊ नका. पवित्र शास्त्र आपण सलग वाचत जातो, त्यामुळे त्यातल्या माणसांशी देव रोज सकाळ-संध्याकाळ बोलत असे, असा आपला समज होतो. मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, आणि त्यानंतर देव त्याच्याशी बोलल्याची जी पुढची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, ती तो ९९ वर्षांचा असतानाची आहे. मधल्या तेरा वर्षांबद्दल शास्त्र गप्प आहे. त्या वर्षांत तो गुरेमेंढरे राखत असेल, मुलाला वाढवत असेल, घरातली भांडणे मिटवत असेल, आणि देवाने पूर्वी जे सांगितले होते तेवढ्या शिदोरीवर जगत असेल. आपलेही बहुतेक आयुष्य अशाच वर्षांत जाते, आणि ती वर्षे देवाविना गेली असे मला मुळीच वाटत नाही.

शमुवेलाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकली असेल. रात्री मंदिरात निजलेल्या त्या मुलाला हाक येते, तो उठून एलीकडे धावतो, आणि असे तीनदा होते, कारण देवाची हाक त्याला आपल्या म्हाताऱ्या गुरूच्या हाकेसारखीच वाटते. लहानपणी मला त्यातले ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ एवढेच पाठ होते. आता त्या गोष्टीतला एली मला अधिक जवळचा वाटतो. हाक देवाची आहे हे त्याच्या ध्यानात आले, तेव्हा देवाला काय म्हणायचे आहे ते मीच तुला सांगतो, असे तो म्हणाला नाही. त्याने मुलाला परत आपल्या जागी जाऊन निजायला आणि स्वतः ऐकायला सांगितले. सकाळी जे कळायचे होते ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते, आणि तरीही त्याने ‘माझ्यापासून काही लपवू नकोस’ असे मुलाला बजावले. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी कसे वागावे, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. ‘देवाने मला दाखवले’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज वापरले जाते, आणि ते एकदा उच्चारले की समोरच्याला तोंड उघडायला जागाच राहत नाही. लग्ने ठरवताना आणि तरुण मुलींना घरी अडवून ठेवताना ते वापरलेले मी पाहिले आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. त्यांना तुमच्या आईची मनापासून काळजी वाटत असेल. पण ती त्यांनी आपली काळजी म्हणून बोलून दाखवावी, तिच्याखाली देवाची सही करू नये.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात निर्णय घेण्याची जी रीत दिसते, ती मला अशा वेळी फार आधाराची वाटते. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचे होते, पण पवित्र आत्म्याने मनाई केली. बिथुनियाकडे वळावे तर तीही वाट बंद झाली. शेवटी त्रोवस येथे रात्री त्याला दृष्टान्त झाला आणि ‘इकडे मासेदोनियात येऊन आम्हांला साहाय्य कर’ अशी विनंती करणारा एक माणूस दिसला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला होता, परंतु देवाने बोलावले आहे हे अनुमान मात्र ‘आम्ही’ केले, असे या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. म्हणजे सोबत्यांनी एकत्र बसून विचार केला, बंद झालेल्या वाटाही हिशेबात धरल्या, आणि मग तारवात पाऊल ठेवले. आणि एवढे करून ते फिलिप्पैला पोहोचले, तर पौल आणि सीला यांना तेथे फटके बसले आणि तुरुंगात त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले. निर्णय देवाच्या इच्छेचा असला की पुढे सगळे सुरळीत होते, आणि अडचण आली म्हणजे वाट चुकली, हा आपला नेहमीचा हिशेब या अध्यायात कुठेच बसत नाही. म्हणून तुम्ही पुण्याला गेलात आणि महिनाभरात आईची तब्येत ढासळली, किंवा घरी राहिलात आणि पुन्हा चांगली नोकरी चालून आली नाही, तरी ती देवाने दिलेली शिक्षा आहे असे मनात आणू नका.

मग ऐकायचे कुठे, असे तुम्ही विचाराल. माझे मत असे आहे की बहुतेकांना ते वचनातूनच ऐकू येते, मात्र ज्या दिवशी अडचण उभी राहते त्याच दिवशी शास्त्र उघडून नाही. डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ती ओळ आपल्यासाठी आहे असे समजायचे, ही सवय आपल्या कितीतरी घरांत आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत आपण वचनाची चिठ्ठी उचलतो, ती वर्षभर पाकिटात जपून ठेवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण नोकरी आणि आजारी आई यांचा निवाडा त्या चिठ्ठीवर करू नये. पुढे ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, ही हकीकत तुम्ही ऐकली असेल. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना त्या अध्यायांपासून दूर होणे जमेना. तरीही त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला सगळा काळ वाचण्यात, शंका काढण्यात आणि मनाशी झगडण्यात गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्या निर्णयाने जबर धक्का बसला, त्या दुरावल्या, पुढे परत आल्या, आणि काही वर्षांनी, स्वतःच्या मनाशी एकेक गोष्ट तपासून पाहिल्यानंतर, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतक्या मोठ्या माणसाला जे ऐकू आले ते त्याच्या पत्नीलाही स्वतःच ऐकावे लागले, याचा मला तुमच्या संदर्भात फार दिलासा वाटतो.

मी स्वतः ड्यूटीला निघण्याआधी एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला किंवा पत्रांतला एक लहान उतारा हळूहळू, ओठ हलवत वाचते, आणि एखाद्या शब्दापाशी मन अडले तर पुढे जात नाही. त्या वेळी बहुधा काही होत नाही. पण एके सकाळी याकोबाच्या पत्रातले ऐकण्यास तत्पर, बोलण्यात धीमे आणि रागास मंद असण्याविषयीचे वचन वाचून मी वॉर्डात गेले होते, आणि दुपारी एका रुग्णाचा मुलगा सलाइन संपल्याचे निमित्त करून माझ्यावर ओरडू लागला. उत्तर माझ्या जिभेवर आले होते. तेवढ्यात ते वचन आठवले, मी बाटली बदलली आणि त्याला जेवलास का असे विचारले. तो रात्रीपासून उपाशी होता, जवळचे पैसे औषधांत संपले होते, आणि कोणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. देव माझ्याशी बोलतो असे मी म्हणते तेव्हा मला एवढेच म्हणायचे असते. यापेक्षा मोठा दावा करण्याची मला गरज वाटत नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्टही तुम्ही पुन्हा वाचावी, आणि ती होरेब डोंगरापासून सुरू न करता थोडी आधीपासून वाचावी. वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती शांत, मंद वाणी हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याआधी एलीया रानात एका झुडपाखाली मरण मागत पडलेला आहे, आणि देव त्याला तेथे उपदेश करत नाही. देवदूत त्याला जागे करतो तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेले असते; तो खातो, पुन्हा झोपतो, आणि देवदूत पुन्हा उठवून ‘खा, तुला लांब जायचे आहे’ असे सांगतो. वाणी त्यानंतर येते, आणि ती येते तेव्हा त्याला पुढचे काम आणि सोबती मिळतात, कारण मी एकटाच उरलो आहे असे समजणाऱ्या त्या माणसाला आणखी सात हजार जण शिल्लक असल्याचे सांगितले जाते. तुम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून प्रार्थना करता आणि सकाळी आईला घेऊन दवाखान्यात जाता, असे लिहिले आहे. काही दिवस ती प्रार्थना दहा मिनिटांची करा आणि झोपा. दमलेल्या माणसाला झोपवणे हेही देवाच्या काळजीत बसते, हे मी शास्त्रातूनच शिकले आहे.

आता काळजीविषयी. आकाशातल्या पाखरांविषयी येशू जे बोलला ते ज्याच्या घरी डायलिसिस चालू आहे त्याला ऐकवणे फार सोपे असते, म्हणून मी ते जपून लिहिते. त्याच अध्यायात, थोडे आधी, त्याने आपल्याला ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे मागायला शिकवले आहे. वर्षभराची भाकर त्याने मागायला सांगितली नाही, आणि इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेले अन्न, म्हणजे मान्ना, तोही एकेका दिवसापुरताच मिळत होता. दुसऱ्या दिवसासाठी साठवला त्यात किडे पडले. पुढच्या पाच वर्षांत आईचे काय होईल याचे आश्वासन तुम्ही देवाकडे मागत आहात, आणि ते आजवर कोणालाच मिळालेले मी पाहिले नाही. आजच्या दिवसाचे मात्र मिळताना पाहिले आहे.

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला लोक बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असे काय काय घेऊन येतात, आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. पावसाने दगा दिलेल्या एका वर्षी एका शेतकऱ्याने प्रभुभोजनाच्या मेजापुढे कणसांची पेंढी आणून ठेवली. त्यातली निम्मी कणसे पोचट होती, आणि ती त्याने मध्ये दडवली नव्हती. चांगल्या कणसांबरोबर वरच बांधली होती. त्याला प्रार्थना करायला सांगितले तेव्हा त्याने आधी उपकार मानले आणि मग, सगळ्या मंडळीदेखत, ‘प्रभू, पाऊस का रोखलास ते मला कळले नाही’ असे देवाला स्पष्ट विचारले. कोणीतरी नंतर कुजबुजले की सणाच्या दिवशी असे बोलायला नको होते. मला मात्र त्या प्रार्थनेत जितका विश्वास दिसला तितका क्वचितच दिसतो, कारण ज्याच्यावर आपला भरवसा नाही त्याच्यापाशी आपण अशी तक्रार करत नाही. तेरावे स्तोत्र ‘कोठवर’ या प्रश्नानेच सुरू होते. तुम्हीही देवाशी असे बोला. तो रागावणार नाही.

देवाच्या काळजीत असणाऱ्याला दुःख होत नाही असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाचे काम वाढत गेले. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. त्या वेळी रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, आणि मुलगी गेल्यानंतरही, ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः जाईपर्यंत, त्यांनी ते काम सोडले नाही. त्यांची प्रार्थना कमी पडली असे म्हणण्याची हिंमत कोणी करील असे मला वाटत नाही.

तुमच्या निर्णयाबद्दल होय किंवा नाही मी सांगणार नाही. तसे केले तर मीही त्या वडीलधाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसेन. पण काही गोष्टी अजून विचारायच्या राहिल्या आहेत असे दिसते. नोकरीवर रुजू होण्याची तारीख थोडी पुढे ढकलता येईल का, हे कंपनीला विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. पुण्यात योजनेतल्या एखाद्या रुग्णालयात आईला नियमित जागा मिळू शकेल का, याची चौकशी तुमच्या इथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, करा. मिळाली, तर आईला सोडून जायचे की नाही हा प्रश्नच बदलतो. पाळकसाहेबांशी आणि तुमचे भले चिंतणाऱ्या एक-दोघांशी बोला, आणि त्यात तुमच्या मताशी न जुळणारा एक तरी असू द्या.

आणि तुमच्या एवढ्या लांबलचक प्रश्नात काका काय म्हणाले, वडीलधारे काय म्हणाले, मित्र काय म्हणाला हे सगळे आहे, पण आई काय म्हणते ते कुठेच नाही. तिला विचारा. डायलिसिसच्या दिवशी विचारू नका, त्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी, तिचा चहा झाल्यावर, तिच्याजवळ बसून विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.