श्रद्धा नसेल तरी ऐका, पण शब्दांसकट

आपण नास्तिक, मग जर्मन संगीतकार बाखचा ‘मास’ (ख्रिस्ती उपासनेच्या लॅटिन शब्दांना दिलेलं संगीत) ऐकायचा आपल्याला काय अधिकार, असं तुम्हाला वाटतं. हा संकोच आधी सोडा. इटालियन संगीतकार व्हेर्दी काही भाविक माणूस नव्हता, तरी १८७४ साली मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये पहिल्यांदा सादर झालेलं त्याचं ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीचा मास, आजही अंगावर काटा आणतं.

मात्र शब्दांकडे पाठ फिरवू नका. मी कित्येक वर्षं तीच चूक केली. नुसते सूर ऐकत राहिलो आणि अर्धंअधिक संगीत निसटून गेलं.

बाखच्या ‘बी मायनर मास’मधला ‘क्रुसिफिक्सुस’ हा भाग घ्या. ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं, पुरलं, एवढाच शब्दांचा गाभा. खाली खर्जात चार बारची (तालाच्या चार आवर्तनांएवढी) एकच उतरती ओळ तेरा वेळा फिरून येते, सुटकाच नसल्यासारखी. शेवटी गायकांचे आवाज खोल उतरत जवळजवळ विझतात. आणि लगेच पुढच्या भागात ट्रम्पेट, टिंपनी (मोठे नगारे), सगळा वृंद उसळून उठतो: तो पुन्हा जिवंत झाला! (हा क्षण मला अजूनही कोरडेपणाने ऐकता येत नाही.) अर्थ ठाऊक नसेल, तर हा नुसता मोठ्या-लहान आवाजाचा खेळ वाटेल.

भाविकाला इथे प्रार्थनेचा अनुभव येत असेल. तो तुम्हाला येईलच असं नाही, आणि तसा आव आणूही नका. बाखला मात्र हे खरं वाटत होतं, तेवढं मनात धरा. आधी भाषांतर वाचा, मग हे दोन्ही भाग मध्ये न थांबता सलग ऐका.