कप मॅच टीव्हीवर दिसते, मग लोक दुसऱ्याच्या गावात जाऊन का बघतात? कोणाचे अनुभव?

तुमचा प्रश्न असा की फुटबॉलची मॅच मोबाईलवर दिसत असताना लोक रजा टाकून पाच-सहाशे किलोमीटर जातात आणि समोरच्या टीमच्या ग्राउंडवर शिव्या खात बसतात, ते का, आणि गेलेल्यांना नंतर काय आठवतं. का जातात ते मला नीट सांगता येणार नाही, काय आठवतं ते सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल किती चालतो ते माहीत असेलच, पण एक गंमत बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, की आमच्यात पाहुणी टीम असा प्रकारच नाही. शिवाजी पेठ असो नाहीतर मंगळवार पेठ, सगळ्यांच्या मॅच शाहू स्टेडियमवर. घरातनं जेवून चालत जायचं, हरलो तर चालत परत यायचं, आणि वाटेत ज्यांच्याकडनं हरलो त्यांच्याच चौकातनं जावं लागतं. त्यामुळं गाडी करून मॅचला जायचं हे आमच्या गँगला लई अप्रूप. दिवाळीत गडहिंग्लजच्या स्पर्धेला जायचो तेवढंच.

मग आयएसएल आलं, म्हणजे इंडियन सुपर लीग, शहराशहरांच्या टीमची. कोल्हापूरला कुठली टीम जवळची? मुंबई लांब, गोवा जवळ, आणि गोव्याचा कोच झिको. झिको! आमच्या मंडळातली थोरली मंडळी तो ज्यात खेळला त्या 82 च्या वर्ल्ड कपमधल्या ब्राझीलबद्दल अजून तासभर बोलतात. तो माणूस आजऱ्याच्या पलीकडं आंबोली उतरलं की दिसतोय म्हटल्यावर कोण थांबणार. 20 डिसेंबर 2015 ची फायनल फातोर्ड्याला, मडगावच्या स्टेडियमवर होती, गोवा विरुद्ध चेन्नई, रविवार. ट्रॅक्स ठरवली, डबे घेतले, खर्डा-भाकरी आणि भडंग, आणि आंबोली घाटात दोघांनी ते सगळं परत बाहेर काढलं, ते जाऊ दे.

त्या मॅचला आम्ही घरच्यांच्या बाजूनं होतो, गोव्याचे शर्ट घालून. चेन्नईनं पहिला गोल केला, हाओकिपनं लगेच फेडला, आणि 87 व्या मिनिटाला जोफ्रेनं मारला आणि 2-1. तेव्हा जो आवाज झाला तो मी शाहू स्टेडियमवरसुद्धा ऐकलेला नाही. खालच्या ओळीतला एक माणूस रडत होता, आमचा एक गडी उघडा होऊन शर्ट फिरवत होता. तीन मिनिटं राहिलेली. पुढचं तुम्ही शोधून बघाच, 90 व्या मिनिटाला गोलकीपर कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि त्या धक्क्यातनं कोणी सावरायच्या आत मेंडोझानं तिसरा टाकला. 2-3. कप चेन्नईला. परतीच्या गाडीत बांद्यापर्यंत कोणी बोललं नाही, मग ड्रायव्हरनंच विचारलं की झिको दिसला का नीट, आणि सगळे त्याच्यावर खेकसले.

यानंतर नोकरीसाठी मी ठाण्याला आलो आणि हळूहळू मुंबई सिटीचा झालो. कोल्हापूरची पोरं अजून दलबदलू म्हणतात, म्हणू देत. अंधेरीच्या ग्राउंडवर दर मॅचला जायला लागल्यावर माणूस आणखी कुणाचा होणार?

आता 2024 वर येतो. तेव्हा आयएसएलमध्ये लीगला पहिल्या आलेल्याला शील्ड मिळायची आणि नंतरच्या बाद फेरीतनं जो जिंकायचा त्याला कप. 15 एप्रिलला मुंबई कोलकात्यात मोहन बागानकडून 2-1 हरली आणि शील्ड हातची गेली. राहिला कप. आणि इथंच लीग आणि कप यातला फरक खिशाला कळतो. लीगचं वेळापत्रक आधी येतं, आरामात तिकीट काढता येतं. कपात मात्र समोर कोण ते शेवटपर्यंत माहीत नसतं. 20 एप्रिलला शनिवारी रात्री गोव्यानं चेन्नईला 2-1 हरवलं, तेव्हा पक्कं झालं की सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोन मॅचपैकी पहिली, फातोर्ड्याला, बुधवारी 24 तारखेला. म्हणजे हातात चार दिवस, आणि महिना कुठला तर एप्रिलअखेर. शाळांना सुट्ट्या, अख्खा कोकण गावी निघालेला, कोकणकन्याची वेटिंग लिस्ट बघितली तर हसू आलं. तत्काळ उघडल्याबरोबर तिघं तीन मोबाईल घेऊन बसलो, एकाला दोन बर्थ मिळाले, आणि त्या दोन बर्थवर तिघांनी रात्र काढली. समोर एक आजी होत्या, सावंतवाडीला उतरणाऱ्या. त्यांनी आमचे मुंबई सिटीचे निळे शर्ट बघून विचारलं, "खंय चाललास रे?" मडगावला, मॅच बघायला म्हटल्यावर म्हणाल्या, "आणि गावाक कोण जातलो?" बरोबरच होतं त्यांचं, आमच्यातला एक कुडाळचाच होता आणि त्याचं स्टेशन आलं तरी तो वरच्या बर्थवर झोपलेला.

कोल्हापूरहून आतेभाऊ बाईकवर आला, तो अजून गोव्याचाच. आत जाताना तो गोव्याच्या नारिंगी दरवाज्याकडं, आम्ही आमच्या कोपऱ्याकडं. गेटवर पॉवर बँक गेली, पाण्याची बाटली गेली, झेंड्याची काठी गेली, झेंडा राहिला. आम्ही निळेवाले एवढे थोडे होतो की एका एसटीत मावलो असतो, आणि आजूबाजूला सगळं नारिंगी. आणि खरं सांगू, हे टीव्हीवर कळत नाही. टीव्हीवर प्रेक्षकांचा आवाज एकसारखा येतो. तिथं बसल्यावर कळतं की आवाज तुमच्या विरोधात आहे. गोव्याच्या बोरिस सिंगनं 16 व्या मिनिटाला गोल केला तेव्हा पायाखालची पायरी हलल्यासारखी वाटली. ब्रँडननं दुसरा केल्यावर शेजारच्या स्टँडातली चार पोरं आमच्याकडं तोंड करून नाचायला लागली, मॅच सोडून. त्यातला एक टक्कल असलेला मोठा माणूस, पोरं नाचली की तोही उठायचा, हात जोडून आम्हाला नमस्कार करायचा आणि परत बसायचा. इतका व्यवस्थित अपमान माझा कोणी केलेला नाही.

80 मिनिटं झाली, 85 झाली. काही लोक पायऱ्या उतरायला लागले, पार्किंगमधनं गाडी लवकर काढायची म्हणून. आमचा कुडाळवाला म्हणाला, चल, सोमवारी अंधेरीत दुसरा लेग आहे, बघू. मी उठलो नाही. त्यात काही मोठा विश्वास वगैरे नव्हता. मी 2015 ला याच ग्राउंडवर बसलेलो आणि मला ठाऊक होतं की फातोर्ड्यात 90 मिनिटांचा हिशेब धरायचा नसतो.

90 व्या मिनिटाला आमच्या छांगटेनं एक फेडला. फार कोणी ओरडलं नाही, आम्हीसुद्धा नाही, त्यानंही जाळीतनं चेंडू उचलला आणि धावत सुटला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रतापनं बरोबरी केली. आता बाकीचं मला सलग आठवतच नाही, तुकडे आठवतात. कुडाळवाला माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होता. पायऱ्या उतरून गेलेले लोक परत वर येत होते, काहीजण अर्ध्यावर थांबून गर्दीतनं मान काढून स्कोअरबोर्ड बघत होते. आणि 90 अधिक 6 ला छांगटेनंच तिसरा टाकला. 2-3. तोच आकडा, तेच ग्राउंड, तोच कप, फक्त मी आता पलीकडच्या बाजूला.

नाचलो, खोटं कशाला बोलू, घसा बसेपर्यंत नाचलो. पण मध्येच त्या टकल्या काकांकडं लक्ष गेलं. ते दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते, आणि त्यांच्या शेजारची पोरं खाली बसलेली. ते चेहरे मला ओळखीचे होते, 2015 ला आमची ट्रॅक्स तसल्याच चेहऱ्यांनी भरलेली. काकांनी आमच्याकडं बघितलं आणि परत तसाच नमस्कार केला. मग मीही केला. ते "कितें रे हें मरे!" असं काहीतरी म्हणाले आणि हसले. आता हे हसणं टीव्हीवाला कॅमेरा दाखवेल का तुम्हाला? तो छांगटेवर होता, असायलाच पाहिजे.

मॅच संपल्यावर आम्हाला बराच वेळ आतच बसवून ठेवलं, घरची गर्दी पांगेपर्यंत. भांडणं होऊ नयेत म्हणून करतात, बरोबर आहे, पण पोटात कावळे ओरडत होते. बाहेर पडल्यावर काहींनी निळ्या शर्टावर दुसरा शर्ट चढवला, आम्ही तसेच गेलो, आणि कोणी काही केलं नाही, एकदोन शेलक्या कोंकणी शिव्या सोडल्या तर. रोस ऑम्लेटचा गाडा अजून चालू होता. गाडेवाल्यानं शर्ट बघितला, ऑम्लेटवर शागुतीचा रस्सा ओतताना हात आखडला आणि म्हणाला, मुंबईवाल्यांना आज एवढाच. मग हसून आणखी एक डाव ओतला, पाव मात्र खरंच संपलेले. आतेभाऊ तिथंच आला, काही न बोलता माझ्या ताटलीतलं अर्धं ऑम्लेट खाल्लं आणि बाईकला किक मारून आंबोलीच्या रस्त्याला लागला. त्या रात्री त्यानं केलेला प्रवास माझ्यापेक्षा अवघड, हे मला मान्य आहे.

आम्ही रात्र मडगाव स्टेशनवर काढली, सकाळची मांडवी पकडली आणि जनरल डब्यात उभं राहून आलो. ऑफिसमध्ये रजेचं कारण काय दिलं ते इथं लिहीत नाही.

दुसरा लेग अंधेरीत मुंबईनं 2-0 जिंकला. 4 मेची फायनल कोलकात्यात, परत मोहन बागानच. विमानाचे दर बघूनच मी घरी बसलो, मुंबईनं ती 3-1 जिंकली, 62 हजार लोकांसमोर, तीन आठवड्यांपूर्वी जिथं शील्ड गेली तिथंच. कप आला, मी सोफ्यावर उड्या मारल्या, बायको म्हणाली खालचे वर येतील. पण कोणी त्या फायनलचं विचारलं तर मला गोल कसे झाले तेवढंच सांगता येतं, आणि ते तर हायलाइट्समध्येही आहेत.

जायचंच असेल तर थोडं कामाचं: सेमीफायनलच्या दोन्ही शक्यता धरून आधीच तिकीट काढून ठेवा, कॅन्सलचे पैसे गेले तरी चालतील. पाहुण्यांच्या स्टँडचं तिकीट आपल्या क्लबच्या फॅन ग्रुपमार्फत घ्या, घरच्या स्टँडात निळा शर्ट घालून बसू नका, उगाच राडा. खिशात फार वस्तू नेऊ नका. आणि परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका, आत किती वेळ बसवून ठेवतील त्याचा नेम नाही.

आतेभाऊ अजून जातो गोव्याच्या मॅचला. एप्रिल 2025 मध्ये बेंगळुरूविरुद्धच्या सेमीफायनलला गोव्यानं पहिल्या लेगमधले दोन गोल फातोर्ड्यात फेडले, दुसरा 88 व्या मिनिटाला, आणि 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत बेंगळुरूच्या छेत्रीनं हेडर मारून घालवलं सगळं. एकूण परत 2-3. मी लगेच फोन लावला, त्यानं कट केला. दोन दिवसांनी त्याचाच मेसेज आला, सुपर कपला भुवनेश्वरला कुठली ट्रेन सोयीची पडते बघून सांग.