ग्रंथालयात पहिल्यांदा वर्ग नेताना

पहिल्याच तासाला सगळं ग्रंथालय दाखवायला जाऊ नका. मुलं माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतात, "पुस्तक कुठे मिळेल?" त्यापेक्षा त्यांच्या हाती एक प्रश्न द्या. 'पक्षी' हा नुसता विषय झाला. 'काही पक्षी स्थलांतर का करतात?' हा प्रश्न. शोध इथूनच सुरू होतो, म्हणून प्रश्न नेमका करण्यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

मग एवढंच शिकवा:

- पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचणं. ड्यूई दशांश पद्धत (पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायची पद्धत) असेल तर विज्ञान 500 पासून, इतिहास-भूगोल 900 पासून. पक्षी 598 ला. या पद्धतीतले विषयांचे दहाही मुख्य वर्ग पाठ करून घेऊ नका. दशांश मात्र समजावा: 598.15 हे 598.2 च्या आधी येतं. इथे हमखास गोंधळ होतो.
- पुस्तकाच्या शेवटची सूची (कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी) वापरणं. नाहीतर मुलं पहिल्या पानापासून वाचत बसतात नि कंटाळतात.
- टिपण स्वतःच्या शब्दांत. शेजारी लगेच पुस्तकाचं नाव, लेखक, पान क्रमांक.

सर्वांत जास्त चुकतं ते टिपणात. उतारा जसाच्या तसा उतरवणं म्हणजेच अभ्यास, अशी मुलांची प्रामाणिक समजूत असते. रागावू नका, पुस्तक मिटायला लावा, मग लिहायला सांगा. आठवड्याभरात फरक दिसायला लागतो.

विश्वकोश सुरुवातीला उत्तम, पण दुसरं पुस्तक हवंच. संदर्भ लिहिण्याचे नियम, डेटाबेस वगैरे पुढच्या सत्रात बघू. आणि ग्रंथपालांना विषय दोन-चार दिवस आधी कळवा, म्हणजे पुस्तकं काढून ठेवायला त्यांना वेळ मिळेल.